लुब्लियानाला निघण्याआधी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरअखेरच्या शुक्रवारी तू आणि वहिनी व्हिएन्नाहून लुब्लियानाला निघताय, हे वाचून बरं वाटलं. पण सोबत जोडलेली यादी पाहिली आणि हे पत्र लिहायला घेतलं. शुक्रवार दुपार ते रविवार दुपार एवढ्या वेळात ब्लेडचं तळं, पोस्तोयनाची गुहा आणि वर शहर? ही सुट्टी नाही, वरात आहे. एकटं ब्लेड 55 किलोमीटरवर. बसने जायला सव्वा तास, तळ्याभोवतीची फेरी 6 किलोमीटरची, यायला पुन्हा सव्वा तास. एक अख्खा दिवस त्यातच गेला. दोन्ही ठिकाणं खोडून टाक. लुब्लियाना ही स्लोव्हेनियाची तीन लाखांच्या आतबाहेर वस्तीची राजधानी आहे, जुना गाभा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांत चालून होतो. तिथे दोन दिवस निवांत राहायचं, एवढंच काम.

आधी गाडीचं. व्हिएन्नाहून थेट रेल्वे आहे, साधारण सहा तास. बस तासभर आधी पोचते, तरी मी रेल्वेच सांगेन. कारण ग्लॉग्निट्स ते म्युर्त्सत्सुश्लाग हा 41 किलोमीटरचा सेमरिंग घाट. 1854 साली सुरू झालेला, दगडी पुलांवरून वळसे घेत जाणारा. बोरघाट आठवेल. तिकीट लवकर काढलंस तर स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं, दुसऱ्या गाडीत चालत नाही. थेट गाड्या दिवसातून मोजक्याच, म्हणून जाण्यायेण्याचं दोन्ही एकदमच काढ. निघण्याच्या आदल्या दिवशी वेळापत्रक पुन्हा बघ. रुळांचं काम निघालं की मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बसमध्ये बसवतात आणि तास-अर्धा तास वाढतो.

पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना दोघांचेही जवळ ठेवा. शेंगेनच्या (एरवी आपसांत सीमेवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या) आतच फिरतोय म्हणून लोक पासपोर्ट घरी ठेवतात आणि नेमके परतताना अडकतात. स्लोव्हेनियातून आत येताना ऑस्ट्रियाचे पोलिस 2015 पासून तपासणी करतात. मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

हॉटेल निवडताना दोन गोष्टी. जुन्या गाभ्यात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही, आणि फरसबंदीवर चाकांची बॅग खडखडत ओढावी लागते. सामान पाठीवर मावेल एवढंच घ्या. स्टेशन ते गाभ्यातला मुख्य प्रेशेरेन चौक चालत पंधरा मिनिटं. चालवत नसेल तर गाभ्यात ‘कावालिर’ नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या फिरतात, फुकट. हात केला की थांबतात. दुसरं, नदीकडची खोली दिसायला देखणी, पण खाली ओळीने कॅफे, आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत गजबज. झोप हवी असेल तर मागच्या बाजूची माग. पर्यटन कर माणशी, दर रात्रीचा वेगळा लागतो. बुकिंगच्या रकमेत धरलेला नसेल तर काउंटरवर मागतील, तेव्हा हुज्जत घालू नकोस.

शुक्रवारी पोचल्यावर थेट बाजाराशेजारच्या पोगाचार चौकात जा. मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दर शुक्रवारी तिथे ‘ओद्प्र्ता कुह्ना’, म्हणजे उघडं स्वयंपाकघर, भरतं. शहरातल्या खानावळी टपऱ्या टाकून समोर रांधतात. पाऊस असेल तर मात्र रद्द. डोंगरांच्या कुशीत असल्याने इथे पाऊस भरपूर, म्हणून छत्री घ्या आणि जेवणाची दुसरी सोय डोक्यात ठेवा.

वहिनी मांस खात नाहीत, म्हणून हे जरा सविस्तर. त्यांच्यासाठी सगळ्यात भरवशाचा पदार्थ म्हणजे श्त्रुक्ली. पातळ लाटलेल्या पोळीवर ताज्या चीजचं (आपल्या चुरलेल्या पनीरसारखं) सारण पसरायचं, सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करायची, फडक्यात बांधून उकडायची, कापायची आणि वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा. अक्रोडाची आणि टॅरागॉन या सुगंधी पाल्याची गोडही मिळतात. कणकेत किंवा सारणात बहुधा अंडं असतं, तेही चालत नसेल तर विचारून घ्या. फसगत होते ती ‘योता’त. दिसायला राजमा-बटाट्याचं आंबट सार, पण त्यात धुरावलेलं डुकराचं मांस शिजलेलं असतं, आणि तुकडे काढून वाढलं तरी चव तीच. बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाची घट्ट उकड म्हणजे ‘झ्गान्त्सी’, तिच्यावरही ‘ओत्स्विर्की’ भुरभुरतात. ते तळलेले कांद्याचे तुकडे नव्हेत, डुकराच्या चरबीचे आहेत. ऑर्डर देताना ‘ब्रेझ मेसा’ म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. ‘मेसो’ आणि आपलं ‘मांस’ एकाच मुळाचे.

भाषेचं निघालंच आहे तर एक गंमत. शाळेत ज्या द्विवचनाने तुझा घाम काढला होता, ते स्लोव्हेनियन भाषेत आजही रोजच्या बोलण्यात आहे. एक कॉफी मागायची तर ‘एनो कावो’, दोन हव्या असतील तर ‘द्वे कावी’, तीन झाल्या की ‘त्री कावे’. दोघंच जाताय, तेव्हा ‘द्वे कावी, प्रोसिम’ एवढं पाठ कर. ते ‘द्वे’ आपल्या संस्कृतातलंच, स्त्रीलिंगी द्विवचनाचं.

शनिवार सकाळ बाजारासाठी राखा, कारण रविवारी तो बंद असतो. फळं-भाज्यांच्या गाळ्यांवर सुटे युरो बरे पडतात. नदीच्या कडेने जाणारी खांबांची लांब ओसरी वास्तुविशारद योझे प्लेच्निकने बांधलेली आहे. हा माणूस तुझ्या व्हिएन्नातच ओटो वाग्नर या वास्तुविशारदाच्या हाताखाली तयार झाला. निघण्याआधी एका संध्याकाळी श्टेफान्सडोम या चर्चजवळचं त्साखरलहाउस बघून घे, 1905 साली पुरं झालेलं, ते त्याचंच. मग लुब्लियानात त्याचा हात ओळखायला येईल. या शहरातल्या त्याच्या कामाला 2021 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

त्याची अक्कल बघायची तर तिहेरी पूल बघ. 1842 चा दगडी पूल गर्दीला अपुरा पडू लागला होता. दुसरा कोणी असता तर पाडून रुंद बांधला असता. प्लेच्निकने 1930 च्या आसपास जुना तसाच ठेवला आणि दोन्ही बाजूंना, जरा तिरके, पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला. चौकाकडून बघितलंस तर हाताची तीन बोटं पसरल्यासारखे दिसतात. राष्ट्रीय ग्रंथालयही त्याचंच. बाहेरून विटा आणि ओबडधोबड दगड, दाराची मूठ घोड्याच्या तोंडाची, आणि आत काळसर संगमरवरी खांबांमधून चढणारा अंधारा जिना. अंधारातून चढत उजेडाच्या वाचनदालनात पोचायचं, अशी ती योजना. दालनात पर्यटकांना ठरावीक वेळीच सोडतात आणि रविवारी ग्रंथालय बंद, म्हणून तेही शनिवारीच. त्र्नोवो भागातल्या त्याच्या घरी फक्त मार्गदर्शकासोबत, लहान गटाने जाता येतं. आधी जागा धरून ठेवा.

किल्ल्यावर जायला 2006 पासून दोरीवर ओढली जाणारी रेल्वे आहे, मिनिटभरात वर. त्यापेक्षा बाजाराच्या मागून झाडीतली वाट धरा, पंधरा मिनिटं लागतात. किल्ल्याच्या चौकात शिरायला पैसे नाहीत, बुरुज आणि संग्रहालयाला तिकीट आहे. सकाळी धुकं असेल तर बुरुजाचं तिकीट काढूच नका. शहर खोलगट जागेत आहे, तिथे धुकं साचून राहतं. दुपारी उघडल्यावर उत्तरेला आल्प्स दिसतात, हवा अगदी निवळ असेल तर 2,864 मीटरचं त्रिग्लाव्ह शिखरसुद्धा.

रविवारी नदीकाठच्या ब्रेग भागात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, दुपारपर्यंत उठतो. तो झाला की शहर संग्रहालयात जा, आणि फक्त एका वस्तूसाठी गेलास तरी चालेल: शहराच्या दक्षिणेकडच्या दलदलीत 2002 साली सापडलेलं लाकडी चाक, सुमारे 5,200 वर्षांपूर्वीचं. अ‍ॅश झाडाच्या लाकडाच्या दोन फळ्या, त्यांना आडव्या चार ओकच्या पट्ट्या ठोकून जोडलेलं. नीट बघ, मधलं भोक चौकोनी आहे. आपल्या बैलगाडीत आस स्थिर राहतो आणि चाक त्यावर फिरतं, म्हणून तुंब्याचं भोक गोल. इथे आस चाकात पाचरी मारून घट्ट बसवलेला, दोन्ही एकत्र फिरायचे. म्हणजे वळण घेताना एक चाक फरफटत जाणार. आरे नाहीत, धाव नाही, पण फळ्यांचे सांधे बघितलेस तर कुठलाही सुतार मान डोलावेल. दलदलीत हवा पोचत नाही, म्हणून लाकूड कुजलं नाही.

शेवटचं, आणि हेच लोक विसरतात. 2020 च्या कायद्यापासून रविवारी दुकानं बंद असतात. पेट्रोल पंप आणि स्टेशनांवरची छोटी दुकानं तेवढी उघडी. परतीच्या सहा तासांचं खाणं, बाटल्या, घरी न्यायचं भोपळ्याच्या बियांचं तेल, सगळं शनिवारी संध्याकाळीच घ्या. तेल हिरवट-काळं असतं, कपड्यावर सांडलं तर डाग पडतो, बाटली पिशवीत गुंडाळून उभीच ठेवा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे.

वहिनींना नमस्कार. गाडीची वेळ ठरली की कळव.

तुझा,
अविनाश