ट्रॅकवर उतरण्याआधी: आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

दादाचा मुलगा पुढच्या महिन्यात दिल्लीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, पहिल्यांदा उतरेल. तोवर निपाणीत त्याच्याकडं तुम्हा दोघांनाच बघायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, ट्रॅकची सायकल त्याला रस्त्यावर अजिबात काढू देऊ नका. तिला ब्रेक नसतो, फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतं तोवर पायडल फिरतंच. पाय एकदम थांबवले की सायकल माणसाला उचलून फेकते. घरात रोलरवर, म्हणजे जागच्या जागी चाकं फिरतात त्या नळ्यांवर, चालवू दे. रस्त्याला गिअरची सायकल आहे. तीही उसाच्या हंगामात चिकोडी रोडला उजाडल्यावरच. अंधारात बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो.

ट्रॅकच्या सायकलची चेन तुम्ही स्वतः तपासा. मधोमध बोटानं वर-खाली केली तर साधारण एक सेंटीमीटर हलावी. पण एकाच जागी बघून सोडू नका. चेनव्हील, म्हणजे पुढची दात्यांची चकती, क्वचितच नेमकं गोल असतं, म्हणून क्रँक (पायडलचा दांडा) हळूहळू पूर्ण फिरवा आणि चेन जिथं सर्वांत ताठ लागते तिथं ढील बघा. फार घट्ट असली तर चाक जड फिरतं, बेअरिंग झिजतं. फार सैल असली तर वेगात चेन उतरते, मागचं चाक अडकतं आणि पोरगं वळणावरून खाली येतं. मागचे दोन्ही नट १५ नंबरच्या पान्यानं थोडे थोडे, आळीपाळीनं आवळा. एकच बाजू आधी आवळली तर चाक तिरकं बसतं.

पुढं ५० दाते, मागं १४. पायडलच्या एका फेरीत सायकल साडेसात मीटर जाते. मिनिटाला १०० फेऱ्या म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. तो मोठ्या, म्हणजे जड गिअरचा हट्ट धरेल, ऐकू नका. आधी सीटवर न उसळता १२० फेऱ्या जमायला हव्यात.

आई, सरावात तो निम्मा वेळ बसलेला दिसेल. बसू दे. त्याची टीम स्प्रिंट म्हणजे तिघांच्या ट्रॅकला तीन फेऱ्या, ७५० मीटर, जेमतेम पाऊण मिनिटाचा खेळ. २०१९ साली आपल्या ज्युनियर पोरांनी जर्मनीत त्यातच जागतिक सुवर्ण मिळवलं! दहा सेकंद जीव तोडून मारल्यावर १५-२० मिनिटं विसावा मिळाला नाही तर पुढची धाव वेगाची होत नाही, नुसती दमछाक होते. तवंदीचा घाट म्हणूनच आठवड्यातून एकदा. त्यानं दम वाढतो, स्प्रिंटचा झटका येत नाही.

सकाळी अंथरुणातच त्याची नाडी मोजून वहीत लिही. लागोपाठ दोन दिवस ७-८ ठोके जास्त आले तर सायकल बंद, कितीही रुसला तरी. भाकरी, शेंगाचटणी चालू दे; सरावाआधी तीन तास मात्र जड काही नको.

तो इकडं दिल्लीला येताना ती वही त्याच्या बॅगेत ठेव. पहिल्या दिवशी मी तीच आधी बघेन.

तुमची,
लेक