सळईवरचा जंतुरोधक लेप

आंब्याचा हंगाम आला की कोकणात झाडावरून पडून हाड मोडणारे दरवर्षी असतातच. आमच्या शेजाऱ्यांच्या नडगीचं मोडलेलं हाड जोडायला आत बसवलेल्या धातूच्या सळईला जंतुसंसर्ग झाला. जखम महिनोन्महिने वाहत राहिली, शेवटी सळईच काढावी लागली. धातूवर जंतूंचा चिकट थर एकदा बसला की प्रतिजैविकं तिथे नीट पोचत नाहीत. म्हणून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा लेप दिलेल्या सळया, चांदीचा लेप दिलेले कृत्रिम सांधे परदेशात वापरात आले. अशा सळया सरसकट नकोत, परवडणार नाहीत (आणि शस्त्रक्रियागृहाची स्वच्छता लेपाच्या भरवशावर सोडायचीही नाही). पण हाड बाहेर येऊन माती लागलेल्या रुग्णांना तरी त्या मिळाव्यात. २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली, तशी या सळयांच्या किमतीवरही घालावी.

— एक वाचक, देवगड