आजीचा राहिलेला बाप्तिस्मा

नागपूर
रविवार, रात्र

ती. बाबा आणि आई,

प्रभूच्या नावाने सलाम.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पोरी, खरं सांग, माही माय कुठीसा असन आता?" आणि मी वॉर्डात गडबड आहे असं सांगून फोन ठेवला. गडबड काही नव्हती. रात्रपाळी होती, पेशंट झोपले होते, मी टेबलाशी नुसती बसून होते. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला वाचून दाखवाल तेव्हा मधलं काही गाळू नका. मोतीबिंदू तिच्या डोळ्यांत आहे, कानांत नाही.

आधी आजीचं काय झालं ते मी पुन्हा सांगते, कारण तुम्ही मनात त्याची वेगळीच गोष्ट करून ठेवली आहे. तुमच्या गोष्टीत सगळा उशीर तुमचा आहे. खरं काय आहे? वीस-बावीस वर्षं ती तुमच्यासोबत उपासनेला येत होती. मागे, भिंतीला टेकून. कवी नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनं तिला पुस्तकाशिवाय येत, आपल्याला पुस्तक उघडून चुकायची. बाप्तिस्म्यासाठी पाण्यात मात्र उतरत नव्हती. तिच्या भावाने तोंडावर सांगितलं होतं की त्या दिवसापासून माहेर संपलं. तो भाऊ माघात वारला, आणि महिन्याभरात ती स्वतः म्हणाली, "आता मले बी पाण्यात घाला." तेव्हा पूर्णेत पाणी कुठे होतं? उन्हाळ्यात नुसती वाळू आणि डबकी. मग पावसाळा लागला आणि नदी दोन्ही थड्या भरून, त्यात ऐंशीच्या बाईला कोण उतरवणार? पाळकसाहेबांनी दिवाळीनंतरचा रविवार धरला, तो विचार करूनच धरला. आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरत असताना, ती गेली.

उशीर नदीचा होता, भावाच्या धाकाचा होता, थोडा तिचाही होता. तुमचा त्यात कमीच.

मला माहीत आहे, तुम्हाला मरणापेक्षा नंतरचं जास्त लागलं. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी दफनभूमीचा प्रश्न काढला. बाप्तिस्मा नाही, रजिस्टरात नाव नाही, मग आपल्या जागेत कसं? पाळकसाहेब बाहेरगावी. तुम्ही शब्दाने बोलला नाहीत, कुदळ घेतली आणि वावराच्या धुऱ्यावर गेलात. वर त्याच माणसाने तिसऱ्या दिवशी घरी येऊन मार्कच्या सोळाव्या अध्यायातलं वचन वाचून दाखवलं: जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल. बाबा, त्यांनी तिथेच का थांबवलं? वचन पुढे आहे. जो विश्वास धरत नाही तो शिक्षेस पात्र ठरेल. दुसऱ्या अर्ध्यात बाप्तिस्म्याचं नाव नाही. "जो बाप्तिस्मा घेत नाही तो" असं लिहायला काय जड होतं? लिहिलेलं नाही.

येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराचं तुम्हीच मला लहानपणी सांगितलं. त्याला कुठलं पाणी? हातापायांत खिळे. त्याने एवढंच म्हटलं की माझी आठवण करा, आणि उत्तर आलं, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. "आज" म्हणाला, दिवाळीनंतर नाही. त्यावरही त्या वडीलधाऱ्यांकडे तोड आहे, मला माहीत आहे. चोर जुन्या काळातला, बाप्तिस्म्याची आज्ञा प्रभूने पुनरुत्थानानंतर दिली, म्हणून चोराचा दाखला चालत नाही. ठीक आहे, नका चालवू. मग प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय काढा. कर्नेल्य हा रोमी शताधिपती, परक्या जातीचा. येशूचा शिष्य पेत्र त्याच्या घरी बोलतोच आहे, बोलणं संपलेलंही नाही, आणि ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरतो. हे आज्ञेनंतरचं आहे. पाण्याच्या आधीचं आहे.

पण मी वकिली करते आहे असं वाटू नये म्हणून पुढचंही सांगते. पेत्र काही असं म्हणाला नाही की आत्मा मिळालाच आहे, आता पाणी राहू द्या. तो म्हणाला, यांना पाण्याची मनाई कोण करू शकेल? आणि बाप्तिस्मा द्यायला लावला. त्याच पेत्राने दुसऱ्या अध्यायात लोकांना सांगितलं होतं, पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मण्याचं वचन आहेच. ही वचनं मला खोडता येत नाहीत आणि खोडायची पण नाहीत. म्हणून धाकट्याचं "आजीचं झालंच ना तसं, मग मले काऊन पाण्यात उतरवता" हे मला बिलकूल पटलं नाही. त्याला सांगा, आजी थांबली ती अडली म्हणून. तू थांबतोस ते कंटाळा म्हणून. दोन्ही एक नाही.

बाबा, तुम्हाला हे शास्त्र्यांपेक्षा तलाठ्याच्या कागदावरून लवकर समजेल. आबा गेले तेव्हा वावर तुमच्या नावावर यायला किती वर्षं गेली? फेरफार होत नव्हता, चकरा मारून चपला झिजल्या. पण त्या सगळ्या वर्षांत वावर कोणाचं होतं? तुमचंच. आबांनी डोळे मिटले त्या क्षणापासून तुमचं. तुम्ही कपाशी पेरली, तूर पेरली, कोणी अडवलं नाही. सातबारा नंतर आला, त्याने वावर दिलं नाही, दिलेलं लिहून घेतलं. आता हा दाखला थोडा लंगडा आहे, बाप्तिस्मा म्हणजे नुसती नोंद नव्हे. शिवाय फेरफार न केल्यावर काय काय भोगावं लागतं तेही तुम्हालाच ठाऊक, कर्ज मिळालं नाही, विम्याला अर्ज चालला नाही. म्हणून करायचाच असतो. पण नोंद लांबली म्हणून बापाने लेकाला टाकलं असं कोणी म्हणत नाही.

माझ्यासोबत एक कॅथलिक सिस्टर आहे, केरळची. तिला मी आजीचं सांगितलं. मला वाटलं होतं, कॅथलिक लोक बाप्तिस्म्याबाबत आपल्याहून कडक, ती मान हलवेल. ती म्हणाली, आमच्याकडे याला नावच आहे, इच्छेचा बाप्तिस्मा. तिने त्यांच्या धर्मशिक्षणाचा ग्रंथ आणून दिला, १९९२ साली पोपने मंजूर केलेला. त्यात बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी बांधलं, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. हे मी दोनदा वाचलं. बाप्तिस्म्याची तयारी करत असताना जो मेला, त्याची इच्छा, त्याचा पश्चात्ताप आणि त्याची प्रीती धरून त्याचं तारण होतं, असं तिथे सरळ लिहिलं आहे. म्हणजे आजीच. तिने तर लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं.

आणि हे आत्ताचं लाडावलेलं शिक्षण नाही. इसवी सन ३९२ मध्ये वालेंतिनियन नावाचा रोमचा तरुण बादशहा मेला. वय जेमतेम एकवीस. त्याने मिलानचे बिशप अँब्रोझ यांना निरोप पाठवला होता की येऊन मला बाप्तिस्मा द्या. अँब्रोझ निघाले, पण पोचण्याआधी तो गेला. त्याच्या बहिणी रडत होत्या, नेमकं तुम्ही रडता त्याच गोष्टीसाठी. अँब्रोझ यांनी अंत्यविधीच्या भाषणात त्यांना सांगितलं, त्याने मागितलं, म्हणून त्याला मिळालं. बादशहाचं आणि आजीचं दुःख एकाच मापाचं निघावं याची मला गंमत वाटली. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "त्याले तरी नदी कोठं आडवी आली?"

एक गोष्ट लिहू की नको असा विचार दोन दिवस केला. तीच सिस्टर म्हणाली की मरणाच्या दारात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाद्रीच पाहिजे असं नाही, तिच्या मंडळीत तर बाप्तिस्मा न झालेल्या माणसानेही योग्य हेतूने दिला तर चालतो. आणि पहिल्या शतकांतलं 'दिदाखे' नावाचं जुनं ख्रिस्ती लिखाण सांगतं की वाहतं पाणी मिळालं तर उत्तम, नाही तर दुसरं, गार नसेल तर कोमट, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. म्हणजे घागरीतलं पाणीही चाललं असतं. हे वाचून तुम्ही डोकं धराल, मग आम्ही ओतलं का नाही म्हणून. म्हणूनच लिहिते आहे, दुसऱ्या कोणी तुम्हाला टोमणा म्हणून ऐकवण्याआधी. आपल्या मंडळीत बुडवूनच देतात, तुम्हाला दुसरं कोणी शिकवलेलंच नव्हतं. शिवाय त्या सकाळी ती जाईल हे कोणाला माहीत होतं? मी नर्स आहे, मी आदल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तिला बघून म्हणाले होते की तब्येत छान दिसते. खारपाणपट्ट्यात जन्म काढलेली माणसं आपण, घागरभर गोड्या पाण्यासाठी किती चाललो. त्या हिशेबात एक घागर कमी पडली, एवढंच.

आई, आता तुझं. तू म्हणतेस की जावयाच्या मंडळीत बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात, तो कुठला बाप्तिस्मा. तुझं ऐकून मी अजून तारीख घेतलेली नाही, पण तुला माहीत असावं म्हणून सांगते. २९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरातच सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाळांना देणारे होते आणि बॅप्टिस्टांसारखे फक्त मोठ्यांना बुडवून देणारेही होते. त्यांनी दोन्ही रीती ठेवल्या. या एका गोष्टीवरून युरोपात ख्रिस्ती लोकांनीच ख्रिस्ती लोकांना पाण्यात बुडवून मारलं आहे, त्या मानाने नागपूरकरांनी बरं निभावलं. आपण घरात बसून एवढं तरी निभावू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला आणि त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला, काही वर्षांनी. मोठेपणी समजून-उमजून घेतला तरी असं होतं.

नारायण वामन टिळकांचं उलट. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार दिला आणि बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. मधला काळ ते काय होते? १९१७ मध्ये, सगळं आयुष्य बघून झाल्यावर, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा. आजी ज्यांची भजनं म्हणायची त्यांच्या दरबारात आजीला जागा होती, हे त्या वडीलधाऱ्यांना एकदा सांगा. भांडायला नको. चहा पिता पिता सांगा.

आपल्या गावातल्या त्या तीन घरांचं मात्र मला कळत नाही. विश्वास आहे, गुरुवारी प्रार्थनेला येतात, पण पाण्यात उतरले की १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दाखला जातो. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच. पोराची शिष्यवृत्ती की बाप्तिस्मा, असं ज्याच्यापुढे येतं त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि काही हरकत नाही असंही म्हणता येत नाही. आजीचं मला स्पष्ट आहे. त्यांचं नाही. तुम्ही दोघं तिथे राहता, तुम्हाला जास्त कळत असेल.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर, ती त्याच्याकडे आहे. पुराव्याने दाखवता येणार नाही, पण वरचं सगळं वाचून मला तसंच वाटतं.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघते, मूर्तिजापूरला उतरून दर्यापूरची एसटी घेईन. बाळ आणि हे दोघं सोबत आहेत. दिवाळीनंतरच्या त्या रविवारी धाकट्याचा आणि बाकीच्यांचा बाप्तिस्मा आहे तर तुम्ही नदीवर जाणार नाही असं आई म्हणत होती. या. माझ्याजवळ काठावर उभे राहा, पाण्याजवळ जायचं नसेल तर नका जाऊ.

धुऱ्यावरच्या दगडाचं दर्यापूरला सांगून ठेवा, पण मजकूर मी आल्यावर ठरवू. त्या बाजूला तुरीची ओळ वाढली असेल, ती कापू नका, सावली राहू द्या. आणि आई, ते पांढरं लुगडं कोणाला देऊन टाकू नकोस.

तुमची,
लेक