कात्रजच्या तळ्याभोवती सपाट फेरीची वाट हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात फिरायला जाणे म्हणजे बहुतेक वेळा चढायला जाणे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी आणि सुट्टीच्या दिवशी सिंहगड, अशी या शहराची चालण्याची हौस चढावरच वाढली आहे, आणि मीही ती अनेक वर्षे मनापासून केली. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोन्ही गुडघे तपासून चढ बंद करायला सांगितला, तेव्हा प्रथमच लक्षात आले की सपाट, सलग, पाण्याच्या कडेने जाणारी आणि जिथून निघालो तिथेच आणून सोडणारी वाट या शहरात शोधू गेल्यास मिळणे कठीण आहे. बागेतल्या छोट्या गोलात फेऱ्या मोजून व्यायाम होतो, पण फिरून आल्यासारखे वाटत नाही.

गेल्या वर्षी मुलाकडे एडिंबरोला गेलो असताना अशी एक वाट चालायला मिळाली. तेथून आगगाडीने वीसेक मिनिटांवर लिनलिथगो नावाचे लहानसे गाव आहे. स्टेशनातून बाहेर पडून चार पावले चालले की राजवाडा दिसतो आणि राजवाड्याच्या पायथ्याशी तळे. तळ्याभोवतीची पूर्ण फेरी पावणेचार किलोमीटरच्या आसपास भरते. पलीकडच्या काठाला किंचित चढउतार आहे, एरवी वाट सपाट. आम्ही उभयतांनी बसत-उठत ती दीड तासात पूर्ण केली. आमच्या पुढे काठी टेकत एक वृद्ध गृहस्थ चालले होते. ते प्रत्येक बाकावर थोडे टेकत, पाण्यातले हंस पाहत आणि पुन्हा उठत. एवढ्या वयात कोणाचा हात न धरता त्यांनी सगळी फेरी केली, हे दृश्य माझ्या मनातून गेलेले नाही.

पलीकडच्या काठावरून राजवाडा पूर्ण दिसतो आणि तेथे पाय आपोआप थांबतात. स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स याने १४२४ साली त्याचे बांधकाम सुरू केले, ८ डिसेंबर १५४२ रोजी राणी मेरी तेथे जन्मली आणि अवघ्या सहा दिवसांची असताना राणी झाली. पुढे १७४६ मध्ये तेथे मुक्कामास असलेल्या सरकारी सैन्याच्या हातून आग लागली आणि राजवाडा आतून जळून गेला. छप्पर तेव्हापासून नाही. भिंती उभ्या आहेत आणि चौकात पाचव्या जेम्सने बसवलेले कारंजे आहे. त्या भिंतींकडे पाहताना मला शनिवारवाडा आठवला नसता तरच नवल. १७३२ साली वास्तुशांत झालेला आमचा वाडाही १८२८ च्या आगीत गेला. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती तेवढी राहिली, आणि त्याही वाड्यात कारंजे होते.

आपल्या वाड्याचे तळे मात्र वाड्यापाशी नाही, ते कात्रजला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरातून येणारे पाणी बांध घालून अडवले गेले आणि दगड-चुन्याच्या भुयारी नळातून, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. हा नळ काही ठिकाणी माणूस उभा राहील एवढा उंच आहे. आत हवा कोंडू नये म्हणून वाटेत बांधलेले उच्छ्वास आजही काही जागी उभे आहेत, आणि ते कशासाठी आहेत हे शेजारून रोज जाणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

म्हणून माझी विनंती अशी की, कात्रजच्या तळ्याभोवती ज्येष्ठांना झेपेल अशी सलग फेरीची वाट करण्याचा विचार व्हावा. ती मुरमाची असावी. सिमेंटचे ठोकळे वर्षभरात उचकटतात आणि त्यांच्या कडांना पाय अडखळतो, हे मी एका ठिकाणी पडून, मनगट मोडून घेऊन शिकलो आहे. शंभर-दीडशे पावलांवर पाठ टेकता येईल असा बाक असावा, कारण पुढे बसायला मिळणार आहे एवढ्या भरवशावरच आमच्या वयाची माणसे पुढे पाऊल टाकतात. काठाला मात्र काँक्रीटची भिंत घालू नये. पक्ष्यांना उथळ, गवताळ काठ लागतो, आणि तळ्यातून निघणारा आंबिल ओढा आधीच पुष्कळ आवळला गेला आहे. २०१९ च्या सप्टेंबरातील पुराची आठवण ओढ्याकाठच्या वस्त्यांत अजून ताजी आहे. सांडपाणी अडवून जलपर्णी काढण्याचे काम वाटेच्या आधी व्हायला हवे, हे तर उघडच आहे. दुर्गंधी येत असेल तर तेथे बाक ठेवून बसणार कोण?

तळ्याला लागून प्राणिसंग्रहालय आहे, त्यामुळे वाट सगळीकडे पाण्याच्या कडेनेच जाऊ शकणार नाही, याची मला कल्पना आहे. प्राण्यांच्या शांततेला धक्का लागावा असे मी मुळीच म्हणणार नाही. तेवढ्या भागात ती कुंपणाबाहेरून, झाडांच्या सावलीतून नेऊन पुढे पुन्हा काठाला मिळवावी. फेरी सुरू होते तेथे, हे पाणी कोणत्या उच्छ्वासांवरून कोणत्या हौदात पोहोचत होते, हे दाखवणारा एक मोठा मराठी नकाशा लावावा. अक्षरे मात्र चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी ठेवावीत.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर, पुणे