सॅंडल परत करायची राहिली

हवालदार दादा, नमस्कार.

त्या दिवशी तुमचं नाव विचारायचं सुचलंच नाही. आता कळलं तरी इथे लिहिणार नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं. नवतपातली, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली दुपार, सक्करदऱ्याचा बाजार आणि रसवंतीसमोर हातात सळाख घेऊन उभा असलेला माझा भाऊ. एवढ्यावरून तुम्हाला आठवेल.

मला शेजारच्या काकूंचा फोन आला, 'लहाना बाजारात मारून राहिला म्हणे लोकांना.' मी पोचले तोवर रसवंतीची काच फुटली होती. मारलं कोणालाच नव्हतं, पण पुढच्या क्षणी मारलं नसतं असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. रसवंतीवाल्याचा नातू हातगाडीखाली दडून रडत होता. माझा भाऊ आजारी आहे हे खरं, आणि ते पोरगं घाबरलं हेही तितकंच खरं. घरच्यांनी यातली एकच गोष्ट बोलायची असते असा एक रिवाज आहे. मला तो पटत नाही.

गर्दी मोठी होती आणि प्रत्येकाच्या हातात फोन. भाऊ एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असा नाचत होता. 'पाहा पाहा, अंगावर येऊन राहिला' म्हणत लोक मागं सरत होते आणि पुन्हा पुढं येत होते. मलाही तसंच वाटलं.

तुम्ही गाडी स्टँडला लावली. काठी गाडीलाच राहू दिली. आधी त्या फोनवाल्या पोट्ट्यांना हाकललं. मग त्याच्यापासून पाच-सहा हातांवर थांबून, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोललात, 'काऊन रे, पाय भाजून राहिले ना तुझे?'

दादा, तो अनवाणी होता. नवतपातलं डांबर, दुपारचा दीड. तो अंगावर येत नव्हता, त्याचे तळवे जळत होते. शंभर माणसांनी त्याच्या हातातली सळाख पाहिली. मी सख्खी बहीण, मीसुद्धा सळाखच पाहिली. पाय फक्त तुम्ही पाहिले.

तुमच्या बाटलीतलं पाणी तुम्ही त्याच्यापुढे रस्त्यावर ओतलं आणि स्वतः दोन पावलं मागं सरलात. तो त्या ओल्या जागेवर येऊन उभा राहिला. ओल कितीशी टिकणार? मग तुम्ही डिकीतून तुमची सॅंडल काढली आणि पायानंच त्याच्याकडे सरकवली. तिचा पट्टा लावायला दोन्ही हात लागतात. तो वाकला आणि सळाख त्यानं आपल्या हातानं खाली ठेवली. ती उचलायलाही तुम्ही धावला नाहीत. तो उभा राहीपर्यंत थांबलात.

हे मला इतकं का लागलं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठाण्याच्या हद्दीत तो असाच रात्री भटकताना सापडला होता. तेव्हा हातात काहीच नव्हतं, नुसता बडबडत होता. त्याला रात्रभर कोठडीत ठेवलं. सकाळी आई न्यायला गेली तर साहेब म्हणाले, 'घरी साखळीनं बांधून ठेवत जा ना.' आई त्यांना 'हो साहेब' म्हणून आली. तेव्हापासून खाकी दिसली की लहाना खाटेखाली. गोळ्याही पोलिसांनीच पाठवल्या असं त्याच्या डोक्यात बसलं आणि त्या तो गादीखाली लपवू लागला. बाजारातली ती दुपार त्या रात्रीतून आली, असं माझं ठाम मत आहे. त्या रात्री त्यांना वाटलं असेल की वस्ती सुरक्षित केली.

नंतर मी 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मिळवून वाचला. कलम 100 मध्ये पोलिसांचं काम लिहिलं आहे. अशा माणसाला संरक्षणात घ्यायचं, लवकरात लवकर आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात तर कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. अटक नव्हे, संरक्षण. त्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून कंटाळा केला, देव जाणे. कोर्टात 'गुन्ह्याच्या वेळी याचं मन ठिकाणावर होतं का' यावर वाद होतो, जुन्या दंडसंहितेत त्यासाठी कलम 84 होतं, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत कलम 22 आहे. पण तो वाद सुरू होतो तेव्हा कोणाचं तरी डोकं फुटून गेलेलं असतं. आमचं प्रकरण तिथवर गेलंच नाही, ते तुमच्या एका बाटलीभर पाण्यामुळे.

आणखी एक. नंतर मागवलेल्या गाडीत बसताना ड्रायव्हरनं विचारलं, 'पागलखान्यात ना?' आपल्या नागपुरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकालाच पागलखाना चौक म्हणतात, रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे. मस्करीत मीही कितीदा म्हटलं असेल. तुम्ही म्हणालात, 'कोराडी रोडनं घे, दवाखान्यात जायचं आहे.' लहान्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसला. त्याची फाइल तिथेच होती, त्यामुळे पुढचं सगळं सरळ झालं, ते इथे लिहीत बसत नाही.

रसवंतीवाल्या काकांचेही आभार इथेच मानते. काचेचे पैसे द्यायला गेले तर अर्धेच घेतले. म्हणाले, 'काच येते ताई, पोट्टा झोपेत दचकून उठते त्याचं सांगा.' सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बरा झाल्यावर लहाना स्वतः गेला आणि नातवाला 'माझं चुकलं' म्हणाला. पोरगं आजोबांच्या मागंच उभं राहिलं, पण पळालं नाही. अशी माणसं आहेत आपल्याकडे. फक्त ती व्हिडिओत येत नाहीत.

आता तो महिन्याच्या महिन्याला तपासायला जातो. गोळ्या आईच्या समोर घेतो, कधी कुरकुर करून. खाकी दिसली की अजून थबकतो, पण खाटेखाली जात नाही.

तुमची सॅंडल मात्र आमच्याकडेच आहे. परत द्यायला मी दोनदा ठाण्यात आले. पहिल्यांदा तुम्ही बंदोबस्ताला होता, दुसऱ्यांदा बदली झाल्याचं कळलं. सॅंडल नऊ नंबरची आणि लहान्याचा पाय सात, तरी तीच घालून फटक फटक करत दळण आणायला जातो. मी नवी जोडी आणली त्याच्यासाठी, ती खोक्यातच पडून आहे. म्हणतो, 'साहेब आले की त्यांची देतो. तोवर झिजू नये म्हणून जपूनच चालतो ना मी.'