दुबईतल्या त्या अनोळखी माणसांना

दादा गेला तेव्हा आम्ही चिपळूणला होतो आणि तो दुबईतल्या खोलीवर. कंपनी फोन उचलेना. आईचा एकच हट्ट, पोराला घरी आणा.

भारतीय वाणिज्य दूतावासात ज्या बाईंनी रात्री आमचा फोन घेतला, त्यांचं नाव विचारायचंही भान नव्हतं. त्यांनी सगळं सावकाश समजावलं: आधी पोलिसांचा कागद आणि मृत्यूचा दाखला, मग पासपोर्ट रद्द करून दूतावासाचं ना-हरकत पत्र, मग एम्बामिंग, म्हणजे देह प्रवासात टिकावा म्हणून त्यावर करतात ती प्रक्रिया, मग विमान. आमच्याकडे पैसे नव्हते. 2009 पासून अशा वेळेसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, हेही त्यांनीच सांगितलं आणि अर्ज भरून घेतला. हे आम्हाला कुठून ठाऊक असणार?

आणि ते मल्याळी काका! दूतावासाचे नोकर नव्हेत, नुसते स्वयंसेवक. आपली ड्युटी सोडून कागद घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. पेटी विमानात चढल्यावर त्यांनी फोन केला, "भाई निकल गया." त्यांचाही आवाज भरून आला होता.

आईने दादाचा चेहरा पाहिला. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.