फांदी खाली नको, तळ वर हवा

माहीम, मुंबई
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू हिरकणीविषयी, तुझ्या व्हेल्ड शॅमेलिअन जातीच्या पाळीव मादी सरड्याविषयी, जे सांगितलेस, की ती हल्ली एका फांदीवरून दुसरीवर जाताना मधेच थांबते, मागच्या पायाची मूठ पुरती आवळत नाही आणि घसरली की शेपटीच्या आधाराने लोंबकळते, ते ऐकल्यापासून हे पत्र डोक्यात घोळत आहे. माझ्याकडच्या त्याच जातीच्या नराच्या, बाजीच्या, अपघाताची हकिगत तुला तुटक तुटक कळली आहेच. पण त्यानंतर त्याच्या पिंजऱ्यात आम्ही काय काय बदलले आणि का बदलले, हे फोनवर नीट सांगता आले नाही. हिरकणी पडण्याआधी तिचे घर बदललेले असावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जूनच्या अखेरीस बाजीची सर्वांत वरची फांदी ज्या नायलॉनच्या पट्टीने जाळीला बांधलेली होती ती पट्टी तुटली. दिव्याची उष्णता आणि अतिनील किरण यांच्या सततच्या माऱ्याने असले प्लास्टिक ठिसूळ होते. बाहेरून मात्र ते धडधाकट दिसत राहते. फांदीसकट बाजी चार फुटांच्या पिंजऱ्याच्या तळाशी कुंडीच्या काठावर आदळला. मी उचलायला गेलो तेव्हा त्याचा नेहमीचा हिरवा-पिवळा रंग जाऊन अंगभर काळसर तपकिरी छटा पसरली होती आणि पुढचा डावा पाय कोपराच्या वरून भलत्याच दिशेला वळला होता. क्ष-किरण तपासणीत दंडाचे हाड मोडलेले दिसले. बाकीच्या हाडांची घनता चांगली होती, म्हणजे कॅल्शियमच्या कमतरतेमुळे हाड ठिसूळ झालेले नव्हते, ही त्या दिवसाची एकमेव दिलासा देणारी बातमी.

डॉक्टरांनी मोडलेला पाय मागे वळवून बरगड्यांच्या कडेने अंगालगत चिकटपट्टीने बांधला. ही बांधणी घट्ट करता येत नाही, कारण या प्राण्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो आणि बरगड्यांच्या हालचालीवरच त्यांचा श्वास चालतो. वेदनाशामक औषध आणि प्रतिजैविक यांची मात्रा वजनानुसार ग्रॅमच्या हिशेबाने ठरते, म्हणून माणसांच्या औषधातला एक थेंबही आपल्या मनाने देऊ नये. इंजेक्शने शरीराच्या पुढच्या भागातच द्यायची असतात. मागच्या पायातले रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी मूत्रपिंडातून जाऊ शकते आणि औषधाचा परिणाम बिघडू शकतो. सस्तन प्राण्यांच्या मानाने सरपटणाऱ्या प्राण्यांचे हाड फार सावकाश जुळते. सहा ते दहा आठवडे सहज लागतात, आणि क्ष-किरण चित्रात पक्का जोड दिसायला त्याहूनही जास्त काळ जातो. एवढ्या काळात त्या जिवाला उरलेल्या तीन पायांवर आणि शेपटीवर जगायचे असते, तेव्हा औषधाइतकेच महत्त्व त्याच्या घराला येते.

आणि खरा मुद्दा इथेच आहे. पहिला सल्ला सगळेच देतात तो असा, की वरच्या फांद्या काढून टाका आणि त्याला तळाशी ठेवा. हा सल्ला चुकीचा आहे असे माझे आता ठाम मत झाले आहे. येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातून आलेली ही जात झाडाझुडपांत राहणारी आहे. तिला तळाशी ठेवले की माणसांची ये-जा डोक्यावरून होते, आणि वरून येणारी प्रत्येक सावली तिला शिकारी पक्ष्यासारखी वाटते. भीतीने प्राणी खाणे सोडतो, आणि खाणे सोडले की हाड जुळायचे कशाच्या बळावर? शिवाय फांदी खाली नेली की ती दिव्यांपासून दूर जाते, ऊब कमी पडते आणि अतिनील किरणही पुरेसे पोहोचत नाहीत. म्हणून आम्ही फांदी जागच्या जागी ठेवली आणि तळ वर आणला. बाजीची जागा, त्याचा उजेड आणि खोलीकडे वरून पाहण्याची त्याची सवय, हे सगळे होते तसेच राहिले. पडण्याची उंची मात्र चार फुटांवरून वीतभर झाली.

हा वरचा तळ करायला खर्च जवळजवळ काहीच आला नाही. भाजीवाल्यांकडे असतात तशा प्लास्टिकच्या जाळीदार क्रेट उपड्या करून एकावर एक रचल्या, त्या एकमेकींना आणि पिंजऱ्याच्या चौकटीला तारेने बांधल्या, त्यावर व्यायामाच्या जुन्या चटईचा कापलेला तुकडा आणि त्यावर धुतलेले सुती धोतर पसरले. टॉवेल वापरू नकोस, त्याच्या फंद्यांत नखे अडकतात आणि ओढाताणीत मुळापासून निघतात. चटईचा तुकडा कडेच्या जाळीला भिडेल असाच काप. बोटभर फट राहिली तरी एखादा पाय तिच्यात जाऊन अडकतो. माती किंवा नारळाचा भुसा त्या तळावर अजिबात नको, कारण खाली पडलेला किडा जिभेने टिपताना ती माती किंवा भुसाही पोटात जातो. धोतराचे तुकडे रोज बदलायचे, म्हणजे विष्ठेवरही लक्ष राहते. तिचा पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी दिसू लागला की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

दुसरा बदल फांद्यांच्या मांडणीचा. निरोगी प्राण्याच्या पिंजऱ्यात ऊब वर आणि गारवा खाली असतो, आणि त्याला वर-खाली करून हवे ते तापमान निवडता येते. पाय बांधलेल्या प्राण्याला चढ-उतार झेपत नाही, म्हणून ती निवड आडवी करावी लागते. आम्ही पेरूची एक लांब फांदी पिंजऱ्याच्या एका बाजूपासून दुसरीपर्यंत अगदी आडवी बांधली, या वेळी पितळी तारेने. तिच्या एका टोकाच्या वर उबेचा दिवा आणि दुसऱ्या टोकाला जास्वंदीची दाट पालवी, म्हणजे सरळ चालत गेले तरी बाजीला ऊन आणि सावली दोन्ही मिळतात. फांदी निवडताना तिची जाडी पाहा. या प्राण्यांच्या पायाची बोटे दोन आणि तीन अशी चिकटून चिमट्यासारखी झालेली असतात, आणि त्या चिमट्याला फांदी जवळजवळ पूर्ण वेढता आली तरच पकड बसते. साल खडबडीत हवी. बांबू दिसायला छान, पण गुळगुळीत. महापालिका पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी करते तेव्हा आमच्या सोसायटीच्या आवारात भरपूर फांद्या पडतात, त्यांतल्याच मी धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेल्या होत्या. कण्हेर आणि चिकाची झाडे मात्र टाळ. जास्वंदीची चिंता नाही. ही जात पाने-फुलेही खाते आणि जास्वंद तिला मानवते. (बाजीला पाकळ्या आवडतात, आणि आई देवपूजेतले एक फूल रोज त्याच्यासाठी बाजूला ठेवते.)

दिव्यांविषयी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. उबेच्या दिव्याखाली पाठीच्या उंचीवर तीस ते बत्तीस अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापमान जाऊ देऊ नकोस. निरोगी प्राणी तापला की सरकतो. जखमी प्राणी जागेवरून हलण्याचा त्रास नको म्हणून तिथेच बसून राहतो, आणि डोक्यावरचा तुरा सर्वांत उंच असल्यामुळे पहिला चटका तिथे बसतो. तापमापक पिंजऱ्याच्या भिंतीवर टांगून उपयोग नाही, तो फांदीवरच ठेवावा. अतिनील किरणांची नळी दिसायला प्रखर असली तरी तिची किरणे काळानुसार क्षीण होतात, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ती किरणे जवळजवळ नसतातच. त्यांच्याशिवाय शरीरात डी-३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि अन्नातून दिलेले कॅल्शियम हाडापर्यंत पोहोचत नाही. मोडके हाड जुळवायचे असेल तर नळी बदलण्यात काटकसर नको.

मुंबईचा पावसाळा हे वेगळेच प्रकरण होते. समुद्राची हवा, भिंतींना ओल, आणि रात्रीसुद्धा तापमान फारसे उतरणार नाही. बांधलेल्या पट्टीखाली ओल राहिली तर कातडी कुजते, म्हणून पाण्याचा फवारा आम्ही पूर्ण बंद केला. पण हा प्राणी वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे सहसा वळत नाही, त्याला पानावरून ओघळणारा थेंबच दिसतो. त्यावर औषधाच्या दुकानातून आणलेला सलाईनचा नवा संच कामी आला. वर पाण्याची बाटली, नळीचे चाक फिरवून दोन-तीन सेकंदांना एक थेंब, तो थेंब बाजीच्या तोंडासमोरच्या पानावर, आणि पानाखाली पाणी झेलणारे भांडे. पहिल्या दिवशी तो बराच वेळ त्या पानाकडे एकाच डोळ्याने पाहत राहिला, दुसरा डोळा माझ्यावर रोखलेला. मग दोन्ही डोळे पुढे आले, मान लांबली आणि पानाच्या टोकाला तोंड लावून तो प्यायला लागला. गिळताना गळ्याखालची ती दातेरी झालर प्रत्येक घोटाला हलत होती, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले की हा जगेल. खोलीतला पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवला, जेणेकरून हवा खेळती राहील आणि झोत अंगावर येणार नाही.

खाण्याची अडचण वेगळी. जीभ फेकताना पुढच्या दोन्ही पायांनी फांदी घट्ट धरावी लागते; एका पायाने शरीर डोलते आणि नेम चुकतो. दोन-तीनदा चुकला की तो खट्टू होऊन तोंड फिरवतो. म्हणून किडे मोकळे सोडण्याऐवजी खोलगट डबीत घालून ती डबी फांदीलाच, तोंडापासून वीतभर अंतरावर बांधली. किड्यांना आधी गाजर आणि पालेभाजी खाऊ घालायची, देताना कॅल्शियमची पूड लावायची, आणि आजारी प्राण्याला पोसण्याच्या उत्साहात रोज भरमसाट द्यायचे नाही. वजन दर आठवड्याला ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करून वहीत मांडतो. तब्येत डोळ्यांना दिसण्याआधी वहीत दिसते. आणखी एक, बाजूच्या जाळीवर चढू नये म्हणून हाताशी येणाऱ्या दोन बाजूंना चकाकी नसलेले पांढरे प्लास्टिक लावले. पारदर्शक लावू नकोस, त्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसले की दुसरा नर आला असे समजून तो फुगत राहतो.

पट्टी सोडल्यानंतर काही दिवस तो पाय नुसता हवेत धरलेला असायचा. फांदीवर टेकवायचा, बोटे उघडायची, पण मिटायची नाहीत. आता तो पाय टेकतो, मुठीत फांदी येते, जोर मात्र उजव्याइतका नाही, आणि डॉक्टरांच्या मते कदाचित येणारही नाही. त्यामुळे वरचा तळ आणि आडवी फांदी आम्ही कायमच ठेवणार आहोत.

आता हिरकणीकडे वळतो. तिचे वय झाले आहे हे खरे, पण पकड सैल होणे हे वयाचेच लक्षण आहे असे गृहीत धरू नकोस. मादी नराशिवायही अंडी घालते आणि प्रत्येक खेपेला कॅल्शियमचा मोठा साठा त्यात जातो. त्यामुळे हाडे मऊ पडली असतील, सांध्यात यूरिक आम्ल साठले असेल, किंवा पोटात अंडी अडकलेली असतील. तिन्ही गोष्टी क्ष-किरण आणि रक्ताच्या तपासणीशिवाय कळणार नाहीत. तळ वर आणताना तिच्यासाठी अंडी घालायची ओलसर वाळूची, निदान एक फूट खोल बादली विसरू नकोस, आणि ती बादली वरच्या तळाच्या पातळीलाच येईल अशी बसव, नाहीतर तिला खाली उतरावेच लागेल. मादीला जागा पसंत पडली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यातच दगावते. नाशिकची थंडीही मुंबईसारखी नाही. डिसेंबरात रात्री उजेड न देणारा उष्णतेचा स्रोत आणि त्याला तापमान नियंत्रक लागेल, त्याची सोय दिवाळीपूर्वी करून ठेव.

विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर तिची नोंद तू केली आहेस ना? डॉक्टरांकडे जाताना ते प्रमाणपत्र जवळ ठेव. आपल्याकडच्या रानातला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिअन, पाळायला कायद्याने बंदी आहे, आणि पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळतोच असे नाही.

पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची आणि हिरकणीचे आजचे वजन एवढे मला लगेच कळव. तळाच्या क्रेट आणि चटई मी इथून मापाने कापून घेऊन येतो, आणि येत्या रविवारी आपण दोघे मिळून तिचे घर बांधू. तोपर्यंत सर्वांत वरच्या दोन फांद्यांच्या गाठी आजच हाताने ओढून पाहा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत